दोन मीटर कापडात वासुदेव

जुन्या पद्धतीने बेतलेला वासुदेवाचा अंगरखा जमिनीवर पसरून त्याच्या शिवणी नीट पाहा. अंगावर असताना तो केवढा गोल, केवढा घोळदार दिसतो! वासुदेव गिरकी घेतो तेव्हा त्या घेराला कुठेच कोपरा सापडत नाही. पण जमिनीवर अंथरला की वेगळंच दिसतं. मधे एक लांब आयत, बाजूंना बाह्यांचे दोन छोटे आयत, काखेत एकेक चौकोन आणि खाली निमुळत्या कळ्या. गळ्याचा खळगा सोडला, तर कात्रीने कुठेही वळण घेतलेलं नाही. सरळ रेषेत कापलेलं आणि सरळ रेषेतच शिवलेलं हे कापड माणसाच्या अंगावर चढलं, की त्याला गोलाई येते. मला ही आपल्या मातीतल्या भूमितीची कमाल वाटते.

शिवणयंत्रासमोर पहिल्यांदा बसणाऱ्यासाठी याहून मोठी आनंदाची बातमी नाही. सरळ टीप मारता आली, की वासुदेव शिवता येतो. दिंडीची पताका येते, परकर येतो, पोतराजाचा घागरा येतो, कफनी येते. शिवणक्लासात पेटीकोट झाला की लवकरच ब्लाऊज हाती येतो आणि तिथे पुष्कळ जणी अडखळतात. मुंढ्याचं वळण, टक्स, बाहीचा उंचवटा, सगळं एकदम येतं आणि अर्ध्या इंचाची चूकही अंगावर उठून दिसते. सोंगाचा पोशाख त्या मानाने फार उदार असतो. तो सैल असतो, लांबून पाहायचा असतो, आणि आपल्याकडे तो पिढ्यानपिढ्या सरळ रेषांतच बेतला गेला आहे. म्हणून यंत्र शिकण्याची खरी पहिली इयत्ता सोंगाच्या कपड्यांची, असं मी मनापासून मानतो.

आष्टीच्या वाटांवरचे पोशाख

आष्टी हा बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, बालाघाटच्या रांगांमधला, नगरच्या सीमेला टेकलेला तालुका. इथल्या माणसाला असे पोशाख पाहायला संग्रहालयात जावं लागत नाही. तालुक्यातल्याच सावरगावजवळ मायंबा आहे, मच्छिंद्रनाथांचं समाधिस्थान. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात कानिफनाथांची मढी. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीच्या यात्रेला राज्यभरातून भटक्या जमातींची माणसं लोटतात. नाथपंथीयांची भगवी कफनी, गोंधळ्याचा पायघोळ झगा आणि कवड्यांच्या माळा, मरीआईच्या पोतराजाचा रंगीबेरंगी खणांचा घागरा, हे सगळं या मुलखाच्या ओळखीचं आहे.

मराठवाड्याने हे पोशाख रंगभूमीवरही फार लवकर आणले. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्या तोंडून भारुडं बोलवली, आणि तेव्हापासून भारुड करणारा माणूस सोंग घेऊन लोकांसमोर उभा राहत आला. त्या परंपरेचा आजचा मंच म्हणजे शाळेचं पटांगण. आषाढीला बालदिंडी निघते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, आणि मधल्या दिवसांत स्नेहसंमेलनं. जानेवारी-फेब्रुवारीचे हे दिवस ऊसतोडीच्या हंगामाचे. आष्टी तालुक्यातली कितीतरी कुटुंबं त्या दिवसांत कारखान्यांच्या फडांवर असतात, आणि पुष्कळ घरांत नातवंडांजवळ आजी असते. पोराला वासुदेव व्हायचं असतं आणि घरात असतं एखादं जुनं लुगडं, एखादं यंत्र. एवढ्यावर वासुदेव उभा राहतो. नवं कापड हवं असेल, तर नगरचा कापडबाजार दूर नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नवी आष्टी ते नगर हा ६६ किलोमीटरचा रेल्वेमार्गही सुरू झाला.

यंत्राच्या पोटात काय घडतं?

हाताने धावदोरा घालताना सुई कापडातून आरपार जाते आणि तिच्यामागून सगळा दोरा जातो. वाकळ शिवणाऱ्या कोणत्याही आजीला हे सांगायला नको. यंत्राची सुई मात्र वरच्या दांडीत घट्ट आवळलेली असते. ती कापडाखाली टोक काढते आणि आल्या वाटेने माघारी जाते. मग टाका अडकतो कशाला?

उत्तर सुईच्या टोकाशी आहे. हातशिलाईच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, यंत्राच्या सुईचं पुढच्या. अमेरिकेतल्या एलियास हॉव यांनी टोकाजवळ नेढं असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा या जोडीचं पेटंट १० सप्टेंबर १८४६ रोजी मिळवलं. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी सुई उभी केली, कापड दाबून धरणारा फूट आणला, आणि हात मोकळे राहावेत म्हणून पायाला काम दिलं.

आता डोळ्यांसमोर आणा. सुई खाली जाते, नेढ्यातला दोरा तिच्याबरोबर जातो. सगळ्यात खाली पोहोचून ती दोन-अडीच मिलिमीटर वर उचलली जाते. कापडाने दोरा धरून ठेवलेला असतो, म्हणून तो सुईबरोबर लगेच वर येत नाही. सुईच्या पाठीशी त्याचा बारीक फास फुगतो. नेमक्या त्याच क्षणी कापडाखालच्या शटलचं अणकुचीदार टोक त्या फासात शिरतं, तो मोठा करतं आणि खालच्या दोऱ्याच्या अख्ख्या बॉबीनभोवती फिरवून आणतं. दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी डोक्यावरून आलेली दोरी पायांखालून काढते, तशी बॉबीन त्या फासातून पार होते. मग दोरा खेचणारी वरची वेगळी दांडी सर्रकन उचलली जाते, फास आवळला जातो, आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्याला कापडाच्या जाडीत मधोमध अढी घालून बसतो. झाला एक टाका.

यातली सर्वांत विलक्षण गोष्ट अजून सांगायचीच आहे. फास बॉबीनच्या पूर्ण भोवती फिरायचा, तर बॉबीन कुठल्याच खिळ्याला पक्की जोडलेली असून भागणार नाही. दोऱ्याला चारही बाजूंनी जायला वाट हवी. म्हणून बॉबीन आणि तिची केस शटलमध्ये नुसती टेकलेली असतात, आणि त्यांच्याभोवतीच्या केसाएवढ्या फटीतून दोरा निसटत राहतो. हे मिनिटाला शेकडो वेळा घडतं. १८४५ मध्ये हॉव यांनी आपलं यंत्र पाच कुशल शिवणकारणींसमोर स्पर्धेला लावलं, तेव्हा मिनिटाला सुमारे २५० टाके घालून ते पाचही जणींच्या पुढे गेलं होतं.

हे एकदा समजलं, की यंत्राच्या तक्रारींची भीती जाते. कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं झालं, तर नवशिकी बाई बॉबीन काढून तपासत बसते. पण खाली दिसणारा तो दोरा बहुतेक वेळा वरचाच असतो. तो ताणाच्या दोन चकत्यांमध्ये बसलेला नसतो किंवा फूट खाली टाकायचा राहिलेला असतो, म्हणून दोरा खेचणारी दांडी फास आवळू शकत नाही. टाके सुटत असतील, तर सुई वाकलेली असते किंवा उलटी बसलेली असते. शटलच्या टोकाला फास सापडतच नाही. सुईला एका अंगाने लांब खोबण असते. दोरा त्या खोबणीच्या बाजूनेच ओवायचा. आणि पायाने चालणाऱ्या यंत्राचं हातचाक नेहमी आपल्याकडेच फिरलं पाहिजे. उलट फिरलं, की फासाचं आणि टोकाचं ठरलेलं भेटणं चुकतं आणि दोरा गुंततो किंवा तुटतो. म्हणून सुरुवात हाताने चाक आपल्याकडे ढकलून करायची, मग पायाने लय पकडायची.

वेशभूषेशी या यंत्राचं नातं अगदी जन्मापासूनचं आहे. फ्रान्सच्या बार्थेलेमी थिमोनिए यांनी १८३० मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसच्या कारखान्यात त्यावर शिवायला घेतले ते सैन्याचे गणवेश. पोटावर पाय येईल या धास्तीने हाताने शिवणाऱ्या शिंप्यांनी १८३१ मध्ये तो कारखाना फोडला. पुढे याच यंत्राने जगभर असंख्य घरांत पोट भरायला मदत केली. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही सिंगरचं शिवणयंत्र अपवाद मानलं, कारण त्याच्या मुळाशी त्यांना बायकोचे कष्ट हलके करू पाहणाऱ्या माणसाचं प्रेम दिसत होतं.

आधी कागद, मग मांजरपाट

पहिली टीप दोऱ्याशिवाय मारायची. वहीचा रेघी कागद फुटाखाली ठेवा, सुईत दोरा ओवू नका, आणि छापील रेघेवरून सुई चालवत न्या. भोकांची रांग रेघेवर आली की सरळ टीप आली. यासाठी जुनी सुई वापरा, कागद सुईची धार मारतो. कागदावर पुष्कळांचं एक चुकतं: नजर सुईवर खिळते. नजर फुटाच्या कडेवर ठेवली, की रेघ आपोआप सरळ येते. आणि कागद ओढायचा नाही. फुटाखालचे दाते प्रत्येक टाक्याला जरासे वर येतात, कापड एक पाऊल मागे सरकवतात आणि सुई खाली उतरायच्या आत बुडतात. ओढणं हे त्यांचं काम. हातांनी फक्त दिशा द्यायची.

कागदानंतर मांजरपाट. ते घसरत नाही, दशा कमी सुटतात, चुकलं तर टीप उसवून पुन्हा मारता येते. साटीन झगमगतं म्हणून सोंगासाठी मोह होतो, पण ते हातातून निसटतं. पहिल्या पोशाखाला मांजरपाट, केंब्रिक किंवा पॉपलीनच बरं. सुई १४ नंबरची, एका इंचात दहा-बारा टाके. कोरं सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात वासुदेवाचा अंगरखा गुडघ्याकडे निघेल.

कापड दुकानदार काय करतो ते आठवा. काठाला कात्रीने छोटी चीर देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. ती फाट अगदी सरळ जाते, कारण ती एकाच धाग्याच्या वाटेने धावते. मांजरपाट आणि पॉपलीन दोन्ही असे फाटतात. ज्या पोशाखाचे तुकडे आयत आहेत, तो कात्री जवळजवळ न वापरता बेतता येतो, आणि हाताने आखलेल्या कुठल्याही रेघेपेक्षा तो नेमका निघतो. विणकराने मागावर घातलेली रेघच आपली पट्टी होते.

चार पोशाख, चार धडे

पहिला धडा पताका आणि शेला. ३६ इंच पन्ह्याचं दोन मीटर कापड उभं मधोमध फाडलं, की दोन शेले होतात. कड आधी पाव इंच, मग अर्धा इंच दुमडून इस्त्री फिरवा आणि दुमडीच्या आतल्या काठाजवळून टीप मारा. कोपऱ्यावर आलात की सुई कापडात रुतवून ठेवा, फूट उचला, कापड फिरवा, फूट खाली टाका, पुढे चला. सुई खुंट्याचं काम करते म्हणून कोपरा हलत नाही. टिपेच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन टाके उलट मारा. उलट टाक्याची सोय नसेल तर दोऱ्यांची गाठ द्या. पताकेला याच टिपा लागतात, फक्त काठीच्या बाजूला काठी सरकेल एवढी रुंद दुमड ठेवायची.

ती रुंद दुमड म्हणजेच दुसरा धडा, नेफा. परकर हा जगातल्या सर्वांत सोप्या आणि सर्वांत देखण्या कपड्यांपैकी एक. मुलीची कंबर २४ इंच असेल, तर ३६ पन्ह्याचे दोन तुकडे बाजूबाजूने जोडा. सुमारे ७० इंचांचा घेर होतो, कमरेच्या जवळजवळ तिप्पट. वरची कड आधी अर्धा इंच, मग सव्वा इंच दुमडून टीप मारा, नाडी घालायला दोन इंच जागा मोकळी ठेवा, खाली दुमड घाला. नाडी ओढली की ७० इंच कापड २४ इंचांत गोळा होतं आणि त्याच्या चुण्या आपोआप समान पडतात. एकाही चुणीचं माप घ्यावं लागत नाही. कापड स्वतःच ताण वाटून घेतं. पोतराजाच्या घागऱ्याचा सोपा अवतारही इथूनच निघतो. कमरेच्या पट्ट्यावर निरनिराळ्या रंगांचे, चारही बाजूंनी दुमडलेले खणांचे तुकडे एकमेकांवर थोडे चढवून लावा. तुकडे सुटे असतात, म्हणून अंग वळलं की प्रत्येक तुकडा वेगळा उडतो.

इथे गिरकीचं गणित सांगायला हवं. गरगर फिरताना कापड बाहेर जाऊ पाहतं, वजन त्याला खाली ओढतं, आणि या दोघांच्या ओढाताणीतून घेर छत्रीएवढा फुलतो. काठाला थोडं वजन असेल, तर तो डौलाने उचलला जातो आणि सावकाश बसतो. जुन्या परकरांना रुंद काठ असायचे, घेराला पट्ट्या लावायचे, त्यात शोभा होती आणि ही चालही होती. मंचावरच्या पोशाखाला म्हणून खालची दुमड दोन इंच ठेवा.

तिसरा धडा कफनी, आणि तिला शिवणी किती? दोन. ३६ पन्ह्याचं दोन मीटर कापड आडवं दुमडा. दुमड खांद्यावर येते. मधोमध गळा कापा: रुंदी साडेपाच इंच, पुढे तीन इंच खोल, मागे एक, आणि डोकं जायला पुढे पाच इंचांची चीर. दोन्ही बाजूंना वरचे आठ इंच हातांसाठी सोडून खाली सरळ टीप. अख्खा पन्हा खांद्यावरून ओघळतो आणि बाही न जोडताच हात कोपरापर्यंत झाकला जातो. कमरेला दोरी बांधली की झोळी तेवढी उरते.

पण गळ्याला आता पहिल्यांदाच गोल कड मिळाली, आणि सरळ पट्टी गोलावर बसत नाही. इथे कापडाचं सर्वांत मोठं गुपित उघडतं. कापड ताण्याच्या उभ्या आणि बाण्याच्या आडव्या धाग्यांचं असतं. उभं ओढा, आडवं ओढा, ते फारसं हटत नाही. आता कोपऱ्यातून तिरकं ओढून पाहा: तेच कापड लांबतं! धागे लांबलेले नसतात. त्यांच्यातले बारीक चौकोन तिरपे होऊन शंकरपाळीच्या आकाराचे झालेले असतात. म्हणून ४५ अंशांत, सव्वा इंच रुंद कापलेली उरेप पट्टी गळ्याच्या वळणाबरोबर वळते. ताठ कापडात ही लवचिकता सुरुवातीपासून असते. कात्रीची दिशा बदलली की ती हाती येते.

आणि आता वासुदेव

चौथ्या धड्यात नवं काहीच शिकायचं नाही, शिकलेलं जुळवायचं आहे. छाती २६ इंच असलेल्या साधारण दहा वर्षांच्या मुलासाठी माप असं: छातीचा घेर अधिक सैलपणाचे दहा इंच, त्याचं निम्मं, अधिक दोन्ही शिवणींचा मिळून एक इंच. म्हणजे १९ इंच. ३६ पन्ह्याचं दोन मीटर कापड घ्या आणि उभं असं फाडा, की एक पट्टा १९ इंचांचा आणि दुसरा १७ इंचांचा होईल.

१९ इंचांचा पट्टा दुमडून पुढचा-मागचा भाग होतो, गळा कफनीसारखाच. १७ इंचांच्या पट्ट्यातून आधी बारा-बारा इंच लांबीचे दोन तुकडे काढा, त्या बाह्या. उरलेल्या सुमारे ५४ इंचांच्या पट्ट्यातून उभी ५ इंच रुंदीची पट्टी वेगळी करा. मोठा भाग राहतो १२ बाय ५४ इंचांचा. तो मधे आडवा फाडून दोन आयत करा आणि प्रत्येक आयत तिरका कापा: वरच्या कडेवर एका कोपऱ्यापासून एक इंच आत, खालच्या कडेवर समोरच्या कोपऱ्यापासून एक इंच आत, अशा दोन खुणांना जोडणाऱ्या रेघेवर. एका आयतातून दोन कळ्या निघतात, एकीची निमुळती बाजू दुसरीच्या रुंद बाजूशेजारी. चार कळ्या झाल्या आणि चिंधीही वाया गेली नाही. ५ इंचांच्या पट्टीतून काखेसाठी पाच-पाच इंचांचे दोन चौकोन, म्हणजे चौबगले, काढा. बाकीच्यात बंद बसतात. गळ्याची उरेप पट्टी मात्र घरातल्या दुसऱ्या रंगाच्या तुकड्यातून कापा, ती शोभूनही दिसते.

कापडाचा तुकडा न तुकडा वापरला जातो हे पाहिलं, की या बेतण्यामागची जुनी बुद्धी लक्षात येते. हाताने कातलेलं, मागावर विणलेलं कापड मोलाचं होतं; त्यातून गोल कापून कोपरे फेकणं परवडणारं नव्हतं. काटकसरीतून जे निघालं, ते आज नवशिक्याच्या हाताला सर्वांत सोपं ठरतं.

जोडणीचा क्रम: आधी बाह्या खांद्याला, मग चौबगल्याची एक कड बाहीला आणि शेजारची कड अंगाला, मग कळ्या. प्रत्येक कळीला एक सरळ धाग्याची कड असते आणि एक तिरकी. तिरकी कड मधल्या पट्ट्याच्या सरळ कडेला लावा, आणि दोन कळ्या एकमेकींना सरळ कडेने जोडा. तिरकी तिरकीला शिवली तर दोन्ही लांबतात आणि शिवण लाटांसारखी उठते. सरळ कड तिरकीला धरून ठेवते. शेवटी बाहीच्या टोकापासून काखेतून खालपर्यंत बाजू मिटवा. चौबगल्याचं काम हात वर केल्यावर कळतं. तो चौकोन काखेत उघडतो आणि हाताला वाट देतो. तो नसता, तर टाळ वाजवायला हात उचलताच अख्खा अंगरखा वर ओढला गेला असता.

खालची दुमड घालण्याआधी अंगरखा एक रात्र टांगून ठेवा. तिरका भाग स्वतःच्या वजनाने थोडा उतरतो. तो उतरला की काठ एकसारखा करून टीप मारा. काज-बटण लागतच नाही, गळ्याच्या चिरेला दोन बंद पुरतात. आता घेर मोजा. छातीला ३६ इंच असलेला हा पोशाख पायाशी सुमारे ७६ इंच भरतो, दुपटीहून जास्त. काठाला दोन मीटर लेस लावा, कमरेला पहिल्या धड्यातला शेला बांधा. टोपीला पुठ्ठ्याचा शंकू आणि कापडाचं आवरण. मोरपिसं रंगीत कागदाचीही शोभतात.

मोठ्या माणसासाठी सूत्र तेच. छाती ३८ असेल आणि सैलपणा १२ इंच धरला, तर मधला पट्टा २६ इंचांचा, उरलेल्या १० इंचांत कळ्या, आणि बाह्यांसाठी वेगळी लांबी. ३६ पन्ह्याचं साधारण चार मीटर कापड लागतं. हीच मांडणी आखूड केली आणि पुढून उघडी ठेवली, की मावळ्याच्या बाराबंदीची वाट दिसू लागते.

एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. वासुदेव, गोंधळी, पोतराज ही जिवंत माणसांची ओळख आहे. पोतराजाच्या घागऱ्यामागे पिढ्यांची ओढाताण आणि अंगावर आसूड ओढून घेण्याचं दुःख आहे. मुलाला हा पोशाख चढवताना तो कोणाचा, ते काय गातात, कसे जगतात, हेही सांगा. गावात वासुदेव येत असेल, तर त्याला अंगरख्याच्या शिवणी विचारा. त्याच्याइतका चांगला गुरू दुसरा नाही.

पोशाखाची खरी ताकद कापडाच्या पडण्यात असते. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ मध्ये 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. त्या चित्रपटाचा नायक डोळ्यांसमोर येतो तो पंचा नेसलेला, आणि पंचाला एक शिवणही नसते. कापड कुठे सैल सोडायचं, कुठे आवळायचं, किती घोळ द्यायचा, एवढ्यावर माणूस उभा राहतो. परकराची नाडी, कफनीची दोरी आणि अंगरख्याच्या कळ्या हेच शिकवतात, आणि ते शिकल्यावर ब्लाऊजचा मुंढाही समजू लागतो: तिथे गोलाई कात्रीने आणायची, इथे ती सरळ तुकड्यांच्या जोडणीने आली होती.

म्हणून पहिल्यांदा यंत्रावर बसणाऱ्याने दोन मीटर मांजरपाट, एक रीळ आणि १४ नंबरची सुई आणावी, घरातल्या पोराची छाती मोजावी आणि त्यात दहा मिळवावेत. पुढची सगळी कामं सरळ रेषेची आहेत, आणि सरळ रेघ कापडात आधीच विणलेली आहे.